साक्षीची खुर्ची

"साक्षीदार कोण?" शिरस्तेदारांनी विचारलं.

मी शाळेतल्या हेडबाईंच्या, म्हणजे माझ्याच, खोलीत बसले होते. समोर त्यांचा चहा होता आणि चहाशेजारी त्यांचं ते लांबट रजिस्टर उघडं पडलं होतं. माझं नाव त्यांनी आधीच लिहून घेतलं होतं, नावापुढे गोष्टीचं नावही लिहिलं होतं: हॉल तिकीट.

"कसला साक्षीदार?"

"तुमच्या गोष्टीचा, बाई. त्या दिवशी तिथं हजर असलेलं कुणीतरी. आमच्याकडे साक्षीदाराशिवाय गोष्ट उभी राहत नाही."

अनंतराव मुळीक तालुक्याच्या कोर्टात चौतीस वर्षं होते, कारकुनापासून मुख्य कारकून, म्हणजे शिरस्तेदार, होईपर्यंत. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात नाहीतर शेतात जातात. यांनी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये 'घडलं ते' नावाचा कार्यक्रम सुरू केला. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता. कुणीही यावं, आपल्या आयुष्यात खरोखर घडलेली एक गोष्ट दहा मिनिटांत सांगावी, हातात कागद नको. एवढं कुठंही होतं म्हणा. पण कोर्टाची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे स्टेजवर सांगणाऱ्याच्या डाव्या हाताला त्यांनी हात असलेली एक सागवानी खुर्ची ठेवली होती. तिच्यावर साक्षीदारानं बसायचं आणि गोष्ट चालू असताना तोंड उघडायचं नाही. गोष्ट संपली की शिरस्तेदार विचारणार, "असंच झालं का?" त्याचं उत्तर सगळ्यांसमोर द्यायचं.

आधीच्या महिन्यात एका एसटी ड्रायव्हरनं घाटात बिबट्या आडवा आल्याची गोष्ट सांगितली होती. लोक श्वास धरून बसले होते. शेवटी खुर्चीवरच्या त्याच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "बाकी समदं झालं. पर त्यो बिबट्या न्हवता, तरस हुतं." हॉल पाच मिनिटं हसत होता. मीही हसले होते, पुढच्या रांगेत बसून.

आता माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"माझ्या गोष्टीला कोण असणार हो साक्षीदार," मी म्हणाले. "एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी दुसरीच एखादी सांगते."

"दुसरी कशाला? निरोप समारंभात हीच ऐकून तर मी आलोय. आणि तुम्हीच म्हणालात की भाषणात, परीक्षेसाठी दोघी मैत्रिणी एका खोलीत राहत होतात म्हणून. कांडपवाल्या छबूताईच ना त्या? मी जातो बोलायला."

"नको," मी घाईनं म्हणाले. "मीच बोलते तिच्याशी."

त्यांनी रजिस्टरात लिहिलं: साक्षीदार, सौ. छबूताई यादव. आणि चहा पिऊन ते निघून गेले.

माझी ती गोष्ट आमच्या शाळेत सगळ्यांना पाठ होती. दर फेब्रुवारीला दहावीच्या मुलांना निरोप देताना मी ती सगळ्या शाळेसमोर सांगायची. मार्च एकोणीसशे त्र्याऐंशी, बीजगणिताचा पेपर. मी केंद्राच्या फाटकाशी पोचते आणि बघते तर दप्तरात हॉल तिकीट नाही. खोलीवर पिठाच्या डब्याखाली राहिलेलं. तशीच वळते आणि दीड मैल पळत खोली गाठते. परत येताना डाव्या चपलेचा अंगठा तुटतो. दोन्ही चपला तिथंच टाकून मी तापलेल्या डांबरावरून अनवाणी पळते, खडीनं टाच फुटते. फाटक बंद व्हायला पाच मिनिटं उरलेली असताना आत शिरते, आणि पंचाहत्तरपैकी अडुसष्ट मार्क पाडते. मुलं टाळ्या वाजवायची. काही मुली रडायच्या.

गोष्ट खरी होती. पेपर खरा, तिकीट खरं, चप्पल खरी, फुटलेली टाचही खरी. फक्त पळाले ती मी नव्हते. पळाली होती छबू.

हे मी ठरवून केलं नाही, असं म्हणायला मला आवडेल. पण तसंही नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ही गोष्ट सातवीच्या वर्गात जशीच्या तशी सांगितली होती, छबूसकट. सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, मग त्या मैत्रिणीचं काय झालं?" मी फळा पुसायला लागले. पुढच्या वर्षी गोष्ट सांगताना मी छबूला पळायला लावलंच नाही, स्वतःच पळाले. तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. मग वर्षामागून वर्षं मी पळत राहिले आणि दर वर्षी थोडी जास्त जोरात पळाले.

त्या दिवशी खरं काय घडलं ते प्रत्यक्ष पाहिलेल्या आम्ही दोघीच होतो. त्यातली एक मी, आणि दुसरी आता माझ्या डाव्या हाताला बसून सगळ्या गावासमोर उत्तर देणार होती. ती 'नाही' म्हणाली तर शाळेत मला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. पण खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त भीती दुसरीच वाटत होती. छबूनं माझी ही गोष्ट कधी ऐकलेली नव्हती, निदान मला तसं वाटत होतं. ती आता खुर्चीत बसून ऐकणार होती, आणि ऐकल्यावर ती माझी मैत्रीण राहील का, हे मला सांगता येत नव्हतं.

त्या आठवड्यात मी तिच्या कांडपावर गेले. आधीच सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून गेले होते. मार्च-एप्रिलात तिच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. वर्षभराच्या चटणीच्या मिरच्या घेऊन बायका रांगेत बसलेल्या, मिरच्या कुटायचे डंक धाडधाड आपटतायत, आणि येणारा प्रत्येक माणूस आधी शिंकतो, मग बोलतो. छबू डोक्याला फडकं बांधून उभी होती. तिला काही शिंक येत नाही.

"शाले, तू कशी काय? अजून मिरच्या न्हाई आणल्यास?"

"मिरच्यांसाठी नाही आले. तुझ्याशी बोलायचंय."

"मग बोल की."

मी इकडंतिकडं पाहिलं. डझनभर बायका माझ्याकडे बघत होत्या, त्यांतल्या निम्म्यांची मुलं माझ्या शाळेत. मी शिरस्तेदारांच्या कार्यक्रमाबद्दल सांगितलं, खुर्चीबद्दल सांगितलं. छबूचा चेहरा उजळला.

"म्हंजे मी स्टेजवर? काय नेसू गं?"

"काहीही नेस. पण आधी गोष्ट तर ऐकून घे, छबू. मी ती जरा..."

"मला कशाला ऐकवतीस? मी हुते की तिथं." तिनं डंकाखाली मिरच्या सारल्या. "मला बोलायला काय लागंल तेवढं सांग."

"ते शेवटी विचारतात, असंच झालं का."

"मग म्हनते की हो. त्यात काय हाय एवढं?"

डंक पुन्हा सुरू झाले. मी आणखी दोन वाक्यं बोलले, ती मलाही ऐकू आली नाहीत. मग मला शिंका यायला लागल्या आणि मी डोळे पुसत परत आले. आवाज फार होता, हे घरी येईपर्यंत मी स्वतःला पटवलं.

शनिवारी हॉल गच्च भरला. आमच्या शाळेच्या मुलीच चाळीस-पन्नास होत्या, शिक्षक होते, वाचनालयाची नेहमीची मंडळी होती. छबू मोरपिशी साडी नेसून आली होती, पायात नव्या चपला होत्या. सागवानी खुर्चीत ती ताठ बसली, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. शिरस्तेदारांनी टेबलावरची पितळी घंटा वाजवली.

मी गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांच्या सवयीनं ती आपोआप येते. कुठं आवाज खाली आणायचा, कुठं थांबायचं, कुठं पाण्याचा घोट घ्यायचा, सगळं ठरलेलं. ऐन फाटकाशी मुली पुढे सरसावून बसल्या, तेही ठरल्याप्रमाणे. एकच गोष्ट नेहमीसारखी नव्हती. पूर्ण दहा मिनिटांत मी डावीकडे एकदाही मान वळवली नाही.

टाळ्या पडल्या. शिरस्तेदार उभे राहिले.

"साक्षीदार, असंच झालं का?"

मी टेबलाची कड धरली.

"हो," छबू म्हणाली. "असंच झालं."

तिचा आवाज अगदी साधा होता. मी सुटले. ती वाचवणार होती मला, पुन्हा एकदा. टाळ्या परत सुरू झाल्या. पण शिरस्तेदार कोर्टातले. त्यांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या आणि त्यांचा नेहमीचा दुसरा प्रश्न विचारला.

"तपशिलात काही फरक?"

छबू जरा घुटमळली. "तसा न्हाई काय," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "चप्पल तेवढी डावी म्हनाली ती. उजवी हुती."

हॉल हसला. बिबट्या आणि तरसासारखं काहीतरी घडलं म्हणून सगळे खूश झाले. छबूही लाजून हसली, आणि हसताना तिनं उजवा पाय साडीखाली ओढून घेतला.

मी तो पाय पाहिला. त्या टाचेवर अर्धचंद्रासारखा एक पांढरा वण आहे. एकतीस वर्षं मी तो पाहत आले होते. तिच्या लग्नात तिच्या पायाला हळद लावताना पाहिला होता, तिच्या बाळंतपणात पाहिला होता, तिच्याबरोबर अंगणात पापड लाटताना पाहिला होता. सगळ्या गोष्टीतून स्वतःला काढून तिनं ती मला देऊन टाकली होती, एका शब्दाची तक्रार न करता. फक्त कुठला पाय होता, तेवढं खोटं तिला बोलता आलं नाही.

"नाही," मी म्हणाले.

शिरस्तेदार माझ्याकडे वळले. "काय म्हणालात, बाई?"

"असं झालं नाही. साक्षीदार खोटं बोलतेय. माझ्यासाठी बोलतेय."

"शाले, खाली बस," छबू दबक्या आवाजात म्हणाली.

"तुला गोष्ट चालू असताना बोलायची परवानगी नाही," मी म्हणाले. "माझी गोष्ट अजून संपलेली नाही."

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. शिरस्तेदारांचा हात सवयीनं घंटेकडे गेला. मग त्यांनी तो घंटेवर नुसता ठेवला आणि तसाच ठेवून ते खाली बसले.

यापुढचं मी कधी बोलून पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते कसं सांगितलं मला आठवत नाही. काय सांगितलं ते आठवतं. फाटकाशी तिकीट नाही म्हटल्यावर मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. छबू म्हणाली, "तू इथंच बस. तुला पळता येत न्हाई. मी आणते." शाळेच्या खेळांत ती कायम पहिली यायची. तिचं स्वतःचं तिकीट तिच्या पोलक्यात होतं. पण ती मला नुसती सोडायला आली होती, तिचं केंद्र वेगळं होतं. आमच्या शाळेचे नंबर दोन केंद्रांत तुटले होते, माझा नंबर इकडे आणि तिचा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. ती आली तेव्हा अनवाणी होती आणि टाचेतून रक्त येत होतं. तिकीट माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "जा, पळ आत." मी आत गेले. मागं वळून पाहिलं नाही.

"संध्याकाळी खोलीवर मी तिला विचारलं, तुझा पेपर कसा गेला," मी हॉलला सांगितलं. "ती म्हणाली, गेला बरा. जूनमध्ये निकाल लागला. माझा पहिला वर्ग होता. तिच्या गुणपत्रिकेवर बीजगणितापुढं गैरहजर लिहिलं होतं. ती पोचली तेव्हा तिचं फाटक बंद झालं होतं."

मी तशीच पुढे बोलत राहिले.

"मी तिला विचारलं, मला तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुझा भूमितीचा पेपर राहिला होता. तू रडत बसली असतीस. ऑक्टोबरला ती परत बसणार होती. पण नापास पोरीला पुन्हा कशाला बसवायचं, असं तिचे वडील म्हणाले, आणि तुळशीचं लग्न झाल्यावर तिचंही लग्न झालं. मी बी.एड. झाले. बाई झाले, हेडबाई झाले. आणि तिचं पळणं मी माझ्या नावावर सांगत आले. का, ते सांगते. खरं सांगितलं की मुलं विचारायची, त्या मैत्रिणीचं काय झालं? त्याचं उत्तर द्यायची मला लाज वाटायची. आज उत्तर देते. ती इथं बसलीय."

मी खाली बसले. शाळेच्या मुलींकडे बघायची हिंमत नव्हती.

शिरस्तेदारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"साक्षीदार, आता?"

"आता काय," छबू म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती माझ्यावर चांगलीच चिडलेली होती. "आता बरोबर हाय. पर एवढ्या लोकांत सांगायची काय गरज हुती?"

कार्यक्रम संपल्यावर मी जिन्याशी एका बाजूला उभी राहिले. मुली मला टाळून जातील, असं वाटत होतं. त्या टाळूनच गेल्या, पण त्याचं कारण वेगळं होतं. सगळ्या छबूभोवती गोळा झाल्या होत्या. आठवीतली एक धीट मुलगी म्हणाली, "मावशी, पाय दाखवा ना." छबूनं जरा आढेवेढे घेतले. मग भिंतीला हात टेकून नवी चप्पल काढली आणि उजवी टाच अशी वळवून दाखवली की जणू ती याचीच वाट बघत होती. एक मुलगी खाली वाकली आणि तिनं त्या पायाला हात लावून नमस्कार केला. मग दुसरीनं केला. छबू, "अगं, काय करताय, उठा," म्हणत होती आणि रडत होती.

आम्ही दोघी पायीच घराकडे निघालो. उजेड अजून होता. मी म्हणाले, "छबू, मला माफ कर. तुला आज पहिल्यांदा ऐकावं लागलं हे."

"पयल्यांदा?" ती थांबली. "आमची अश्विनी तुझ्या शाळेत न्हवती व्हय? आठवीत असताना घरी आली आनि चुलीम्होरं बसून मला समदी गोष्ट सांगितली. चपलेसकट."

अश्विनी तिची मुलगी. आता मिरजेला नर्स आहे. म्हणजे चौदा वर्षं हिला माहीत होतं.

"मग तू काय म्हणालीस तिला?"

"काय म्हननार? म्हनलं, व्हय बाई, तुझ्या बाई लई पळाल्या त्या दिवशी." ती पुन्हा चालायला लागली. "दुसऱ्या दिवसापास्नं पोरगी पहाटं उठून अभ्यासाला बसाया लागली. मग कशाला मोडायची ती गोष्ट?"

"तुला राग नाही आला?"

"आला की. न्हाई कसा येईल? त्या वर्षी तुझ्या मिरच्या मुद्दाम समद्यांच्या शेवटी कांडल्या. तुला कळलं बी न्हाई." ती हसली, मग हसू थांबलं. "पर वाटायचं कवाकवा, की ही एक दिवस येईल आनि म्हनंल, छबे, पळाली हुतीस तू. बास. मला बाकी काय नको हुतं."

मी भर रस्त्यात तिचा हात धरला. आम्ही दोघी पन्नाशीला आलेल्या बायका, येणारेजाणारे वळून बघत होते. मला त्याचं काही वाटलं नाही. आयुष्यात मला मिळालेलं बहुतेक सगळं त्या दिवशीच्या पळण्यातून मिळालं होतं, आणि ते देणारी बाई माझ्या शेजारून चालत होती. अजून चालत होती, माझ्याबरोबर. त्या संध्याकाळी मला जेवढं कृतज्ञ वाटलं तेवढं आधी कधी वाटलं नव्हतं, कारण आधी मी ते वाटूच दिलं नव्हतं.

तिच्या घराच्या कोपऱ्यावर ती म्हणाली, "त्या शिरस्तेदारांस्नी सांग, पुढल्या महिन्यात मी सांगनार हाय."

"कुठली गोष्ट?"

"ह्योच दिवस. तुझी सांगून झाली, आता माझी. आनि खुर्चीत तू बसायचंस."

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी त्या खुर्चीत बसले. हाताच्या त्या खुर्चीत बसलं की माणूस आपोआप ताठ होतो, हे मला तेव्हा कळलं. छबू मोरपिशी साडीतच आली होती. समोर अश्विनी होती, मुद्दाम रजा काढून आलेली. आणि छबू जी सुरू झाली ती अशी, की जणू मिरचीच्या रांगेत बसून शेजारणीशी बोलतेय.

चपला तिच्या थोरल्या बहिणीच्या होत्या, त्यामुळे टाकताना जीव तुटला, असं तिनं सांगितलं. तिच्या केंद्राच्या फाटकावरच्या शिपायाच्या ती पाया पडली, तर तोच रडायला लागला, कारण त्याच्या हातात काही नव्हतं. मग ती तिथल्या कट्ट्यावर बसून राहिली. पेपर सुटायच्या आधी उठली आणि लंगडत माझ्या केंद्रावर आली. एवढ्या लवकर कशी आलीस, हे मी तेव्हा विचारलंही नव्हतं.

"कारन हिला खोलीवर जायची वाट सापडली नसती," ती म्हणाली, आणि लोक हसले. "ही भायेर आली ती नाचतच. वाटंनं मला एकेक गनित सांगत हुती. ह्ये असं आलं हुतं, त्ये तसं आलं हुतं. मी मनातल्या मनात सोडवत चालले हुते."

ती थांबली.

"मला समदी येत हुती," छबू म्हणाली. "एक बी चुकलं नसतं."

तिची गोष्ट संपली होती. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. समोर अश्विनीनं पदरात तोंड लपवलं.

शिरस्तेदार उठले. "साक्षीदार," ते मला म्हणाले, "असंच झालं का?"

मी खुर्चीतून उठले.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "तिच्या फाटकाशी मी नव्हते. मी आत पेपर लिहीत होते."

"मग तुम्ही साक्ष कशाची देता?"

"माझ्या फाटकाची. तिनं तिकीट माझ्या हातात दिलं तेव्हाची." मी छबूकडे पाहिलं. "तिकीट घामानं ओलं झालं होतं. ते घेताना मी तिला एक वाक्य बोलले. गेल्या महिन्यात सगळं सांगितलं, तेव्हासुद्धा तेवढं गाळलं. मी म्हणाले, केवढा उशीर लावलास. आभार मानायचे राहिले, छबू. ते आज मानते."

छबूनं मान खाली घातली. क्षणभर वाटलं, ती आता पुन्हा चिडणार. मग तिनं वर पाहिलं. डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर लहानपणची ती पळायला उभी राहिलेली छबू होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, शिरस्तेदारांकडे बघत होती. त्यांनी तिला काही विचारलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "असंच झालं."